एकसष्टावं मूल

“आधार नाही म्हटलं की नाही, बाई. कितीदा सांगू?”

एवढं बोलून महादेवीनं मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं यंत्र सुरू केलं. आता माझं काही तिला ऐकू येणार नव्हतं आणि तिला नेमकं तेच हवं होतं. आधीच शेजारच्या शेडमधल्या मागांनी भिंत थरथरत होती. त्यात हे यंत्र. मी दारातच उभी राहिले. उंबऱ्यावर तिची पोरगी कावेरी पाटी घेऊन बसली होती. ती एकदा माझ्याकडं बघायची, एकदा आईकडं.

बऱ्याच वेळानं सूत तुटलं आणि यंत्र थांबलं. महादेवीनं वर बघितलं.

“अजून हायच काय तुम्ही?”

“आहे. तुझं ऐकल्याशिवाय जात नाही.”

त्या यंत्रमागांच्या शहरातल्या नगरपालिकेच्या शाळेत मी तेव्हा सहावं वर्ष काढत होते. पिराच्या माळावरची शाळा. कधीकाळी तिथं प्रत्येक इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या भरायच्या. आज ज्यांचे पन्नास-साठ माग आहेत, असे कितीतरी मालक आमच्याच फरशीवर मांडी घालून शिकले. त्यांची पोरं आता पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. आमच्याकडं उरली ती मागावर काम करायला आलेल्या लोकांची मुलं. कुणी विजापूरकडचं, कुणी बिहारचं, कुणी तेलंगणातलं. पहिलीच्या वर्गात मी ‘पाणी’ म्हटलं की चार भाषांतून उत्तर यायचं.

शिक्षक आम्ही तिघं. मुख्याध्यापक सनदी सर चौथी घ्यायचे, बिरनाळे बाई तिसरी आणि मी, म्हणजे पद्मजा मगदूम, पहिली-दुसरी. नियम सरळ होता. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं मूल असेल तर तिसरा. आणि मूल धरायचं ते आधार क्रमांक कॉम्प्युटरवर बरोबर जुळला तरच. आमच्या वर्गांत मुलं एकसष्ट बसत होती. जुळलेली होती साठ. एकसष्टावी ती कावेरी. ती दोन वर्षं शाळेत येत होती, खिचडी खात होती, पाढे म्हणत होती, पण सरकारच्या हिशेबी ती नव्हतीच. महिनाअखेरीला आकडा पक्का होणार होता.

हे सगळं मी महादेवीला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे तुमची नोकरी जातीय.”

“नोकरी जात नाही, जागा जाते. मला दुसऱ्या शाळेत पाठवतील. पगार तोच.”

“मग तुम्ही का पळापळ करताय?”

“मी गेले की पहिली, दुसरी, तिसरी एका खोलीत बसणार आणि बिरनाळे बाई एकट्या तिन्ही वर्ग सांभाळणार. पहिलीतल्या पोराला अक्षर कोण गिरवून देणार? कावेरी आली तेव्हा तिला मराठीचा शब्द येत नव्हता. आता बघ.”

महादेवीनं पोरीकडं बघितलं. “कावेरी, जा, शेजारनं पाणी भरून आण.”

पोरगी घागर घेऊन लांब जाईपर्यंत ती बोलली नाही. मग तिनं डावा हात माझ्यापुढं धरला. दोन बोटं आखडलेली होती. ती वळत नव्हती.

“दारात घालून चेचली तिच्या बापानं. ह्या हातानं तुटल्या सुताला गाठ मारता येत न्हाई, म्हणून मला मागावर कुणी घेत न्हाई. कांड्याच भरते.” हात तिनं पदराखाली घेतला. “आम्ही नेसत्या कपड्यानं निघालो. आधार गावात राहिलं. त्याला जोडलाय तो बापाचा मोबाईल. गेल्या साली गेलते मी सेंटरवर. तिथला पोरगा म्हणाला, नंबर हुडकायचा तर ओटीपी त्या मोबाईलवर जातंय. मी तशीच उठून आले.”

“नुसता ओटीपी गेला म्हणून त्याला काय कळणार?”

“आम्ही जित्या हाय एवढं कळलं तरी बास. तो गावंगाव हिंडंल. तुम्ही बघितला न्हाई त्याला, बाई.”

दुसरी काहीतरी वाट काढायची, असं मी मनात धरलं. कावेरी घागर सावरत येत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सनदी सरांना सगळं सांगितलं. सर निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“तिला त्रास नको द्यायला,” ते म्हणाले.

“नाहीच द्यायचा. पण शिक्षण विभागातल्या साहेबांना येऊन बघू तरी द्या. पोरगी डोळ्यांसमोर बसलेली आहे.”

“मी दोनदा बोललोय. आता तुम्ही जाऊन बघा. तुम्ही जरा जोरात बोलता.”

मी त्याच संध्याकाळी शिक्षण विभागात गेले. माणगावे साहेब प्रशासनाधिकारी होते. माणूस वाईट नव्हता. टेबलावर फायलींचा डोंगर, वर दोन शाळांचं भांडण, त्यात मी. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

“मुलगी आहे हे मला मान्य आहे, मगदूम बाई. कॉम्प्युटरला मान्य नाही.”

“तुम्ही स्वतः येऊन खात्री करून लिहून द्या.”

“एकाला लिहून दिलं की उद्या पन्नास शाळा दारात येतील. त्यात निम्मी पोरं नुसती नावाला असतात, ते तुम्हालाही ठाऊक आहे. आमचे हात पोळलेत.” ते पुढं झुकले. “हे बघा, सोपं काम आहे. बाप कुठला? गाव सांगा. पोलीस पाटलाला फोन लावतो. बापाकडून ओटीपी घ्यायचा, नंबर मिळाला, विषय संपला. चार मिनिटांचं काम.”

“नको, साहेब.”

“का?”

“ती आई पळून आलीये. त्याला पत्ता लागला तर तिचं काही खरं नाही.”

“आपण पत्ता कुठं सांगतोय? नुसता ओटीपी.”

“पोलीस पाटलाला तुम्ही कुठून बोलताय हे सांगावं लागेल ना? त्याच्याकडून बापाला कळायला किती वेळ?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “बाई, जागा तुमची जातीय. मी तुमच्या सोयीचं बोलतोय. बापाचं नाव शाळेच्या रजिस्टरात असेलच. मी मागवून घेऊ शकतो.”

माझा आवाज कसा कोण जाणे, अगदी स्वच्छ निघाला.

“मागवा. सर आणून देतील, त्यांना नाही म्हणता येणार नाही. पण त्याआधी मी त्या आईकडं जाऊन तिला सगळं सांगेन. ती त्याच दिवशी पोरीला घेऊन हे गाव सोडेल. मग तुमच्याकडं रजिस्टर असेल आणि माझ्याकडं पोरगी नसेल.”

शिपाई चहा ठेवून गेला. साहेबांनी कप बाजूला सारला. मग त्यांनी दुसरी फाईल ओढली आणि त्यातला एक कागद माझ्यापुढं सरकवला.

“हे घ्या. तुम्हाला पाठवणारच होतो. कऱ्हाडच्या बदलीचा तुमचा अर्ज मंजूर झालाय. महिना संपायच्या आत कार्यमुक्त व्हा. जागा तशीही जाणार. तुम्ही घरी जाल, माझ्यावरचं एक अतिरिक्त शिक्षकाचं ओझं कमी होईल. कुणाचंच नुकसान नाही.”

कऱ्हाडला माझं घर. नवरा भरतेश तिथल्या दूध संघात होता आणि आमचा सुयोग सासूबाईंजवळ वाढत होता. पाच वर्षं मी त्या बदलीसाठी अर्ज करत होते. दर रविवारी संध्याकाळी सुयोग माझी पिशवी लपवून ठेवायचा. कागद हातात घेतला तेव्हा माझे डोळे भरून आले, ते साहेबांना दिसू नये म्हणून मी पटकन उठले.

“अजून महिना संपायचाय,” मी म्हणाले.

रस्त्यातूनच भरतेशना फोन लावून बदलीचं सांगितलं. ते आनंदानं ओरडलेच. “कधी येतेस? सुयोगला सांगू?”

“सांगू नका अजून.”

“म्हणजे?”

मी त्यांना कावेरीचं सांगितलं.

“पद्मजा, तू आलीस तरी जागा जाणार, नाही आलीस तरी जाणार. मग हट्ट कशाला?”

“जागा अजून गेली नाही. एक मूल हवंय, एकच. ते मी शोधते.”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर येते. पण न शोधता नाही येणार.”

“पोरगं रोज विचारतंय गं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. रागावले होते. त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नव्हतं.

त्यानंतर रोज शाळा सुटली की मी माळावरच्या गल्ल्या धरल्या. बरोबर कधी बिरनाळे बाई असायच्या, बहुतेक वेळा मी एकटी. दारं वाजवत होते. पडदे बाजूला सारत होते. एका बाईनं सांगितलं, आमचा पोरगा इंग्लिशला जातो. दुसरीकडं दोन मुलं होती, पण ती दिवाळीला गावी जाऊन परत येतील की नाही याची त्यांनाच खात्री नव्हती. एका माग मालकानं मला खुर्ची दिली. “मी तुमच्याच शाळेचा, बाई. बाकडी पाहिजेत का? वीस बाकडी देतो.” मी म्हटलं, मूल द्या. तो हसला आणि त्यानं सरबत मागवलं. एक म्हातारा तर तोंडावर म्हणाला, “पगार सुटेना म्हणून पोरं गोळा करायला आलाय होय?” मी त्यालाही नाव विचारलं, घरात लहान कोण आहे ते विचारलं आणि पुढच्या दाराशी गेले. कुणाकुणाशी वाद घालत बसणार?

तीन-चार दिवस राहिले तेव्हा सनदी सर म्हणाले, “आता पुरे करा, मगदूम बाई. कऱ्हाडला जा. तुमच्याकडून जेवढं होतं तेवढं झालं.”

“अजून दिवस आहेत, सर.”

सरांनी मान हलवली. मला वाटलं, त्यांना माझा कंटाळा आला. पण त्या संध्याकाळी ते कुठं गेले होते, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपत होती आणि फाटकातून महादेवी आत आली. ती कामाच्या वेळेत कधी शाळेकडं फिरकायची नाही. तिच्या कडेवर एक तान्हं मूल होतं, ते तिचं नव्हतं. मागं एक उंच, सडपातळ बाई आणि तिचा पदर धरून सात-आठ वर्षांची एक मुलगी.

“ही सुनैना,” महादेवी म्हणाली. “माझ्या मागच्या खोलीत ऱ्हाती. बिहारची. ही तिची रिंकी. हिला शाळेत घाला.”

मी सुनैनाकडं बघितलं. त्या खोलीचं दार मी दोनदा वाजवलं होतं. दोन्ही वेळा कुलूप होतं.

“मैं तो दिन भर कारखाने में रहती हूँ, मैडम,” सुनैना म्हणाली. “धागा काटती हूँ. रिंकी बाबू को देखती है. बाहर से ताला लगाके जाती हूँ, डर लगता है.”

म्हणजे मी दार वाजवत होते तेव्हा ही पोरगी भावाला घेऊन आतच बसली होती.

“मग आता बाबूला कोण बघणार?”

“ये बोली, ये रखेगी.” सुनैनानं महादेवीकडं बोट केलं.

“मी बघते,” महादेवी म्हणाली. “यंत्राशेजारी झोळी बांधलीय. रडला की थांबवायचं.”

“आणि तुझ्या कांड्या?”

“होतील कमी.”

“महादेवी, तुझं पोट त्याच्यावर आहे.”

“हाय की. म्हणून कमी होतील म्हटलं, बंद होतील म्हटलं न्हाई.” तान्ह्याला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आवाज खाली आणला. “काल सर आलते घरी. तुम्ही सायबाला बापाचं नाव दिलं न्हाई म्हणाले. घरला जायचा कागद हातात असून फिरताय म्हणाले. मी तर तुम्हाला नोकरीवरनं बोलले होते.”

“तुला काय ठाऊक होतं?”

“आता ठाऊक झालं. घ्या पोरीला. हिच्या आईकडं हिचं आधार हाय, रेशनसाठी काढलंय. मी बघून घेतलंय, त्याला जोडलेला मोबाईल आईचाच हाय.”

रिंकी पदर सोडायला तयार नव्हती. कावेरी रांगेतून पळत आली आणि तिचा हात धरून तिला ओढतच घेऊन गेली. कोणत्या भाषेत काय बोलली देव जाणे, पण रिंकी गेली.

सनदी सर कॉम्प्युटरपाशी बसले. पहिल्यांदा जुळलं नाही, कारण आधारवर ‘रिंकी कुमारी’ होतं आणि सरांनी नुसतं रिंकी लिहिलं होतं. दुसऱ्यांदा लाईट गेली. सुनैनाला कारखान्यात उशीर होत होता, तरी ती व्हरांड्यात उभीच राहिली. लाईट आली, सरांनी एकेक अक्षर दाबलं आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. बिरनाळे बाईंनी टाळीच वाजवली. सरांनी रुमाल काढून चेहरा पुसला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणगावे साहेब एका कारकुनाला घेऊन पडताळणीला आले. मुलं मैदानात रांगेनं उभी केली होती. कारकून यादीतलं नाव वाचायचा, मूल हात वर करायचं, तो खूण करून पुढं सरकायचा. रिंकीनं हात एवढा वर केला की ती चवड्यांवर उचलली गेली.

कावेरीपाशी तो थांबला. “ही कोण? यादीत दिसत नाही.”

“कावेरी. यादीत नाही, माहीत आहे,” मी म्हणाले. “वर्गात आहे.”

कारकुनानं साहेबांकडं बघितलं. साहेब तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बापाचं नाव विचारतील. कावेरी ताठ उभी होती, समोर बघत.

“वाचायला येतं का?” त्यांनी विचारलं.

तिनं भिंतीवरची पाटी वाचून दाखवली. शाळेचं पूर्ण नाव, न अडखळता.

“बरं,” साहेब म्हणाले आणि कारकुनाला म्हणाले, “चल पुढं.”

आकडा एकसष्ट झाला. साहेबांनी सही केली. जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “झालं तुमच्या मनासारखं. जागा राहिली. आता तरी कऱ्हाडला जा. कार्यमुक्तीचा आजच शेवटचा दिवस.”

“माझ्या जागी कोण येणार, साहेब?”

“मंजूर जागा आहे. भरती निघाली की येईल कुणीतरी.”

“भरती कधी?”

त्यांनी खांदे उडवले. “ते माझ्या हातात असतं तर काय पाहिजे होतं?”

गाडी गेली. मुलं खिचडीकडं पळाली. कावेरी तेवढी जागची हलली नव्हती.

“बाई, त्यांनी मला का न्हाई मोजलं?”

तिच्या आईनं तिला काय सांगितलं होतं, काय नव्हतं, मला ठाऊक नव्हतं. खोटं बोलायची इच्छा नव्हती आणि खरं सांगायचा मला हक्क नव्हता.

“त्यांना घाई होती,” मी म्हणाले. “तू मोज. शंभरपर्यंत येतं ना तुला?”

“येतं.”

“मग जा. एकही सोडू नकोस.”

ती ताटं घेऊन बसलेल्या पंगतीपाशी गेली आणि एकेकाच्या डोक्याला हात लावत मोठ्यानं मोजू लागली. मधेच कानडी आकडा यायचा, ती जीभ चावून पुन्हा मराठीवर यायची. पोरं खाता खाता मान वर करून तिच्याबरोबर ओरडत होती. पंगत संपली तेव्हा ती एकसष्टवर होती. क्षणभर ती गोंधळली, मग तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “बासष्ट.” आणि तिथून पळत माझ्याकडं आली, माझ्या मनगटाला हात लावला आणि म्हणाली, “त्रेसष्ट.”

संध्याकाळी भरतेशना फोन केला. त्यांनी माझ्या आवाजावरूनच ओळखलं.

“येत नाहीस.”

“आत्ता नाही. जागा राहिली, पण तिच्यावर उभं राहायला माणूस नाही. माणूस आला की येते.”

“आणि सुयोगला काय सांगू?”

“मीच सांगते. द्या त्याला.”

सुयोग बराच वेळ रडला. मी फोन कानाला लावून त्याचं रडणं पूर्ण ऐकलं, मधे ठेवला नाही. शेवटी त्यानं विचारलं, तुझ्या शाळेतल्या पोरांना तुझ्याशिवाय कुणी नाही का? मी म्हटलं, सध्या नाही. मग तो म्हणाला, रविवारी लवकर ये.

महादेवीच्या झोळीत त्या वर्षी आणखी दोन तान्ही आली आणि त्यांच्या बहिणी शाळेत. पुढं त्या बायका तिला बुडालेल्या कांड्यांच्या हिशेबानं पैसे द्यायला लागल्या. आमचा पट सत्तरच्या पुढं गेला. रविवार संपताना मी कऱ्हाडहून निघायचे तेव्हा भरतेश स्टँडपर्यंत यायचे. पहिले काही महिने ते गप्प असायचे, पण नंतर शाळेचं विचारायला लागले.

त्यानंतर चौथ्या वर्षी जूनमध्ये भरतीतून एक नवी शिक्षिका रुजू झाली आणि माझा बदलीचा अर्जही पुन्हा मंजूर झाला. मी तिला सगळ्या गल्ल्या फिरवून आणल्या, कुलूप असलेली दारंसुद्धा दाखवली, वर्ग तिच्या ताब्यात दिला आणि मग कऱ्हाडची एसटी धरली.